आजोबांच्या रायफलीत ते काडतूस घालू नका

परवा रात्री पेनसिल्व्हेनियातून भाच्यानं एक फोटो पाठवला. टेबलावर त्याच्या बायकोच्या आजोबांची विंचेस्टर १८८६ रायफल, कित्येक वर्षं भिंतीवर टांगलेली. शेजारी ४५-७० काडतुसांचं कोरं खोकं, त्यावर ठळक अक्षरांत ‘प्लस पी’. खाली एक ओळ: ‘मामा, शनिवारी रेंजवर नेतोय. जुनं पोलाद आहे, काही होत नाही.’

मी ताबडतोब फोन केला. हे ‘जुनं पोलाद’ तुझ्या डोक्यात कुणी भरवलं, विचारलं, तेव्हा त्यानं तो सगळीकडे फिरणारा मेसेज पुढे पाठवला. मेसेजचा सारांश असा: आजच्या लिव्हर-ॲक्शन रायफली भंगार आहेत. सीएनसी, म्हणजे संगणकानं चालणारी यंत्रं आली आणि कारागिरी गेली. मार्लिन संपली. विंचेस्टर जपानमध्ये बनते, म्हणजे ती विंचेस्टर नव्हेच. हेन्री जस्ताची असते. सेफ्टी वकिलांनी लादली, काढून टाका. आणि शेवटी सल्ला: जुनीच घ्या, जुन्या पोलादाला कुठलंही काडतूस पचतं, तपासून घ्यायची गरज नाही.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: चापाभोवतीची कडी खाली ढकलून वर ओढली की रिकामी पुंगळी बाहेर पडते, नवं काडतूस नळीत चढतं आणि घोडा ताणला जातो. पेनसिल्व्हेनियात हरणाच्या शिकारीला सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालत नाही, त्यामुळे तिथे घराघरांत लिव्हरवाली सापडते. भाच्याला सासऱ्यांबरोबर या मोसमात पहिल्यांदा जायचंय, म्हणून हा सगळा उत्साह.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो. बाकीचे मुद्दे चुकले तर पैसे जातील, हा चुकला तर डोळा जाईल.

४५-७० हे काडतूस १८७३ सालचं. अमेरिकी लष्कराच्या एकबारी ‘ट्रॅपडोर’ स्प्रिंगफील्डसाठी ते काढलं. नावातले ७० म्हणजे ७० ग्रेन काळी दारू. त्या काळच्या बंदुका आजही लोकांच्या घरात आहेत आणि कुणी ना कुणी त्या उडवतोच. म्हणून ‘सामी’नं, म्हणजे १९२६ पासून अमेरिकेत बंदूक-काडतुसांची मानकं ठरवणाऱ्या उत्पादकांच्या संस्थेनं, या काडतुसाची दाबाची मर्यादा मुद्दाम खाली ठेवली आहे: चौरस इंचाला २८,००० पौंड. त्याच संस्थेनं ३०-३० या दुसऱ्या काडतुसाला ४२,००० दिले आहेत. काडतूस घरी भरणाऱ्यांची कुठलीही चांगली पुस्तिका उघडा, ४५-७०चे तीन वेगळे विभाग दिसतील: ट्रॅपडोरसाठी, लिव्हरवाल्यांसाठी आणि रुगर नंबर वनसारख्या आधुनिक एकबारींसाठी. एकाच काडतुसाला तीन तक्ते का लागतात, याचं उत्तर मेसेज लिहिणाऱ्यानं द्यावं.

आता ‘प्लस पी’. ३८ स्पेशल, ९ एमएम, ४५ एसीपी यांच्यासाठी सामीचं प्लस पी मानक आहे. ४५-७०साठी नाही. म्हणजे त्या खोक्यावरच्या शब्दाचा अर्थ एवढाच, की यातला दाब मानकापेक्षा जास्त आहे. किती जास्त, ते बनवणारा ठरवणार. भाच्यानं फोटो पुढच्या बाजूचा काढला होता. खोकं उलटं कर म्हटलं. मागे बारीक अक्षरांत लिहिलेलंच होतं: फक्त आधुनिक रायफलींसाठी.

आणि जुनं पोलाद म्हणजे नेमकं कुठलं? पहिल्या विंचेस्टर १८७३ रायफलींचा सांगाडा पोलादाचा नव्हताच, लोखंडाचा होता. १८९४ची विंचेस्टर बाजारात आली तेव्हा ती ३२-४० आणि ३८-५५ या काळ्या दारूच्या काडतुसांसाठी होती. धूरविरहित दारूचं ३०-३० दुसऱ्या वर्षी, १८९५ला आलं, कारण त्याचा दाब सोसणारी निकेल पोलादाची नळी आधी तयार व्हायला हवी होती. ज्या कंपनीच्या जुन्या पोलादाच्या आरत्या ओवाळताय, त्या कंपनीनंच नव्या दारूसाठी नवं पोलाद मागवलं! निकेल नळ्यांवर तर तसं कोरलेलंही असे, की ही खास धूरविरहित दारूसाठी आहे. भाच्याला टॉर्च धरून शोधायला लावलं. रिसीव्हरजवळ, म्हणजे यंत्रणा बसवलेल्या सांगाड्याजवळ, नळीवर तसलं काहीच नव्हतं.

उलट, आज जपानची मिरोकू आणि इटलीची उबेर्ती याच १८७३च्या रचनेची रायफल .३५७ मॅग्नममध्ये विकतात. त्या काडतुसाची मर्यादा ३५,०००. मूळच्या ४४-४० काडतुसाची मर्यादा याच्या निम्म्याहूनही कमी. रचना तीच आहे. बदललं आहे ते पोलाद आणि त्याची हीट ट्रीटमेंट.

शिवाय वय. काळ्या दारूची राख आणि काडतुसाच्या बुडातल्या जुन्या क्षारयुक्त टोप्या नळी आतून खातात, खड्डे पडतात. बोल्टला बंद धरून ठेवणारे लॉकिंग लग झिजले की हेडस्पेस वाढतो, म्हणजे बोल्ट बंद असतानाही काडतुसाच्या बुडामागे मोकळी जागा राहते आणि बार होताना पुंगळी मागे ताणून फाटू शकते. हे डोळ्यांना दिसत नाही, गेज घालून मोजावं लागतं. ‘तपासून घ्यायची गरज नाही’ हे वाक्य लिहिणाऱ्यानं ते वाचून कोण काय करेल याचा क्षणभरही विचार केलेला नाही.

दुसरा मुद्दा सीएनसीचा, आणि इथे मला गप्प बसवत नाही. भोसरीच्या एमआयडीसीत लेथवर सुरुवात करून पुढची वीस वर्षं मी नॉर्थ कॅरोलिनात सीएनसीवरच काढली आहेत. मेसेजमध्ये पुरावा म्हणून मार्लिनचं नाव आहे. तर मार्लिनचीच गोष्ट नीट सांगतो.

२००७च्या अखेरीला रेमिंग्टननं मार्लिन घ्यायचा व्यवहार केला. मार्लिनचा नॉर्थ हेवनचा कारखाना २०११मध्ये बंद झाला, काम न्यूयॉर्कमधल्या इलियनला गेलं. त्यानंतरच्या रायफलींबद्दल मालकांनी ज्या तक्रारी केल्या त्या खऱ्या आहेत, हे मान्य करावंच लागेल: साइट तिरकी बसवलेली, लाकूड आणि लोखंडात फट, लिव्हर खरखरीत. त्या काळच्या मालाला लोकांनी ‘रेमलिन’ असं नावच पाडलं. पण कारण काय होतं? कित्येक दशकं वापरून झिजलेली यंत्रं तिकडून उचलून इकडे आणली, आणि ती कशी सांभाळून चालवायची हे ज्यांच्या हातात होतं ते कामगार बरोबर आले नाहीत. सुटा भाग पकडणाऱ्या कुठल्या जिगखाली किती पातळ पट्ट्या, म्हणजे शिम, लावायच्या हे ड्रॉइंगवर नव्हतं, जुन्या माणसांच्या डोक्यात होतं. कुठल्याही वर्कशॉपमधल्या माणसाला हे ऐकून काय झालं असेल ते लगेच कळेल.

२०२०मध्ये रेमिंग्टनचं दिवाळं निघालं आणि रुगरनं सुमारे ३ कोटी डॉलरला मार्लिन घेतली. त्यांनी घाई केली नाही. वर्षभराहून जास्त काळ रचना नव्यानं मांडण्यात घालवला आणि २०२१च्या डिसेंबरात रुगरच्या मेयोडनच्या कारखान्यातून मॉडेल १८९५ची पहिली रायफल बाहेर पडली. रिसीव्हर घडीव पोलादाचा, सीएनसीवर कापलेला. नळी कोल्ड हॅमर-फोर्ज्ड, म्हणजे गार पोलाद हातोड्यांनी ठोकून घडवलेली. ‘रुगर सगळं ओतीव करते’ असंही मेसेजमध्ये घुसवलंय, तेही इथेच निकालात निघतं. आज नव्या मार्लिनचे मालक लाकडाच्या बसण्याचं आणि लिव्हरच्या सरकण्याचं कौतुक करतात. रेमलिनच्या काळात ज्यांनी तोंड फिरवलं होतं त्यातले अनेक जण परत आले आहेत. मार्लिन सावरली ती याच यंत्रांवर.

आणि कारागिरी सीएनसीच्या आधी कधी घसरलीच नव्हती का? विंचेस्टरनं १९६४मध्ये खर्च वाचवायला मॉडेल ९४मध्ये काडतूस वर उचलणारा पत्र्याचा लिफ्टर आणि पोकळ रोल पिना घातल्या, पुढे रिसीव्हरही असा केला की त्यावर पुन्हा ब्लूइंग, म्हणजे गंज रोखणारा निळसर-काळा थर, नीट चढत नाही. म्हणूनच ‘प्री-६४’ला आजही जास्त भाव मिळतो. मेसेज इथे अर्धा बरोबर आहे. पण १९६४मध्ये न्यू हेवनच्या विंचेस्टर कारखान्यात कुठली सीएनसी होती? तो निर्णय हिशेबाच्या वहीतून आला होता.

बाकीचं थोडक्यात. न्यू हेवनचा विंचेस्टर कारखाना २००६ला बंद पडला. नाव ओलिन कंपनीचं, परवाना ब्राउनिंगकडे, आणि रायफली मिरोकू बनवते. मालकांच्या तक्रारी आहेत त्या चढ्या किमतीच्या, दस्त्याच्या मानेवरच्या सेफ्टीच्या आणि जड चापाच्या. फिटिंगला नावं ठेवणारा मला अजून भेटायचाय. हेन्रीच्या .२२मध्ये जस्ताचा मिश्रधातू आहे, खरं आहे, आणि .२२च्या दाबाला तो पुरतो. मोठ्या काडतुसांच्या बहुतेक हेन्री पोलादी किंवा पितळी असतात. बाजूनं काडतूस भरायची सोय त्यांनी उशिरा दिली, ही तक्रार मात्र रास्त. ब्राझीलची रॉसी स्वस्त आहे, सुरुवातीला खरखरते, स्प्रिंगा कडक असतात. तेवढं माहीत असून लोक ती घेतात आणि वर्षानुवर्षं वापरतात.

सेफ्टी दिसायला कुरूप आहे, मलाही आवडत नाही. पण मार्लिनची काडतुसं साठवणारी मॅगझिन नळी रिकामी करायची तर एकेक काडतूस लिव्हरनं चेंबरमधूनच काढावं लागतं. सेफ्टीची आडवी खिट्टी लावलेली असली की लिव्हर चालते, पण घोडा फायरिंग पिनपर्यंत पोचत नाही. थंडीनं बोटं बधिर झालेली असताना, शेजारी सासरे उभे असताना, ती खिट्टी काढून टाकायला भाच्याला सांगणाऱ्याला माझा नमस्कार नाही.

आजोबांची १८८६ सध्या गनस्मिथकडे आहे. त्यानं चेंबरचा साचा घेतला, हेडस्पेस मोजला आणि सांगितलं: काळी दारू किंवा तितक्याच हलक्या दाबाची काडतुसं, दुसरं काही नाही. ते प्लस पीचं खोकं भाच्यानं गॅरेजमधल्या कपाटात कुलूप लावून ठेवलंय. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी तो सासऱ्यांची मार्लिन ३३६ घेऊन जाईल, १९७०च्या दशकातली, ३०-३० काडतुसाची. तीही जुनीच आहे, पण दर मोसमाआधी ते ती तपासून घेतात आणि तिच्यासाठी बनवलेलंच काडतूस तिच्यात घालतात.