फराळ कधीच एकटीचा नव्हता

दसरा झाला की एक वाक्य ऐकू यायला लागतं. किराणा दुकानात, भिशीत, रिक्षात, कुठंही. "आजकालच्या बायकांना घरी काही करायलाच नको. सगळा फराळ विकतचा." म्हणणारे बहुतेक पुरुष असतात, पण बायकाही कमी नाहीत. या वाक्याचा मला मनापासून राग येतो, म्हणून यंदा सविस्तर लिहितेय.

घरचा फराळ कमी झाला, कारण तो एकटीवर येऊन पडला. मुळात ते एकटीनं उरकायचं काम नव्हतंच. आपल्या आज्या आणि आया फार चिवट होत्या हे खरं, पण त्यांच्या आजूबाजूला माणसं होती, हे आपण सोयीस्कर विसरतो.

करंजीचंच बघा. पारी लाटली की ती लगेच भरावी लागते, नाहीतर कडा वाळतात आणि मिटलेलं तोंड तेलात उघडतं. तोंड उघडलं की सारण कढईत सांडतं, खोबरं जळतं आणि पुढच्या सगळ्या घाण्यांना काळे ठिपके चिकटतात. भरलेल्या करंज्या ओल्या फडक्याखाली ठेवायच्या, पण फार वेळ नाही, कारण सारणातली पिठीसाखर पाझरायला लागते आणि बूड ओलं होतं. तिकडं तेलाची आच सारखी राखायची. म्हणजे एकीनं लाटायचं, दुसरीनं भरून कातणीनं कापायचं, तिसरीनं कढईपाशी बसायचं. ज्या कुणी बायकांनी हा पदार्थ घडवला, त्यांनी तीन माणसं गृहीत धरूनच घडवला. आता तीच करंजी एक बाई कामावरून आल्यावर रात्री ओट्यापाशी एकटी उभी राहून करते. लाटते, भरते, पळत जाऊन झारा फिरवते, हात पुसते, परत लाटते. हॉलमध्ये टीव्ही चालू असतो आणि तिकडून आवाज येतो, "एक गरम आण गं चाखायला." पुढच्या वर्षी तिनं करंज्या विकत आणल्या तर तिला नावं ठेवायचा हक्क कुणाला आहे?

चकलीचंही तेच. भाजणी घरात भाजायची, पण दळायची गिरणीत. आमचं प्रमाण ४ वाट्या तांदूळ, २ वाट्या हरभरा डाळ, १ वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी मूगडाळ, वर मूठभर पोहे आणि धने-जिरे. प्रत्येक घरात यात थोडं इकडंतिकडं. भाजणी गव्हावर दळायची नाही, आधी कुणाचे तरी तांदूळ नाहीतर डाळ त्या जात्यातून गेलेली हवी. त्यामुळं दिवाळीच्या तोंडावर गिरणीवाले भाजणीची वेळच वेगळी ठेवायचे. गल्लीतल्या सगळ्यांचे डबे एका रांगेत आणि कुणाच्या मागे कुणाची भाजणी यावरून तिथंच बोलाचाली. पितळी सोऱ्या सगळ्यांकडं नसायचा, तो घरोघर फिरायचा. आमचा सोऱ्या त्या आठवड्यात आमच्याच घरात कधी सापडायचा नाही. अनारसे तर ज्या घरात जमायचे त्याच घरात व्हायचे. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत निथळून किंचित दमट असतानाच कुटायचे, गूळ घालून पीठ मुरवायचं. एवढं करूनही तुपात टाकल्यावर अनारसा हसला, म्हणजे विरघळून पसरला, तर गेलंच सगळं. त्यापेक्षा ज्या काकूंचा हात त्यात बसलेला असायचा, त्यांच्याकडून प्रत्येक घरात चार-चार यायचे आणि बदल्यात त्यांना शेव, लाडू जायचे.

म्हणजे फराळाचं स्वयंपाकघर एका घराएवढं नव्हतं, गल्लीएवढं होतं. त्यातली गिरणी गेली, शेजारीण गेली, जाऊ-नणंद दुसऱ्या गावी गेल्या. राहिली एकटी बाई आणि तेवढीच लांब पदार्थांची यादी.

या सगळ्यातलं एक मात्र आमच्या सांगलीच्या भागात अजून शिल्लक आहे. ते म्हणजे बेकरीच्या भट्टीत नानकटाई भाजून आणणं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दिवाळीच्या आधी आपापलं सामान घेऊन बेकरीत जायचं. मैदा, थोडा रवा किंवा बेसन, तूप, पिठीसाखर, वेलदोडा, जायफळ. सामान तुमचं, भट्टी त्यांची, किलोमागं मजुरी द्यायची. एक किलो पिठाला साधारण पाऊण किलो तूप आणि अर्धा ते पाऊण किलो पिठीसाखर. काही बेकऱ्यांत कारागीरच मळून देतात, काही ठिकाणी आपण घरून गोळा मळून न्यायचा. आम्ही घरून नेतो.

तूप फेसणं हा त्यातला खरा भाग. परातीत थिजलेलं तूप घ्यायचं आणि तळहातानं एकाच दिशेनं फिरवत राहायचं. सुरुवातीला तूप जड असतं, बोटांत अडकतं, पिवळं दिसतं. मग हळूहळू पिठीसाखर पडत जाते, रंग उतरत जातो, आणि एका टप्प्याला हाताखालचा गोळा एकदम हलका होतो, दुधाच्या सायीसारखा पांढरा. तुपात हवा कोंडली गेली की असं होतं. पुढं भट्टीत हीच हवा आणि चिमूटभर सोडा मिळून नानकटाई फुगवतात. वरचा थर आधी सुकून घट्ट होतो, आतला भाग अजून फुगत असतो, म्हणून वर त्या भेगा पडतात. भेगा पडल्या नाहीत तर आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ती नानकटाई पाहुण्यांपुढं ठेवू देत नाहीत. पातळ तुपात हवा टिकत नाही. आमच्या बेकरीतले चाचा सकाळीच बजावतात, "वहिनी, तूप थिजलेलं आणा. पातळ आणलंत तर पत्राभर पसरतंय, मग मला बोल लावायचा नाही." ऑक्टोबरच्या उन्हात सांगलीत तूप थिजत नाही, तेव्हा परात गार पाण्याच्या घमेल्यात ठेवून फेसायचं.

आता भट्टीचं. लाकडावरची जुनी विटांची भट्टी असेल तर तिचा दिवस ठरलेला असतो. जाळ करून विटा तापवायच्या, मग निखारे बाजूला सारून आधी पाव भाजायचे, कारण पावाला कडक उष्णता लागते. पाव निघाले, भट्टी थोडी उतरली की नानकटाई आणि बिस्किटांचे पत्रे आत जातात. शेवटी राहिलेल्या उबेवर टोस्ट वाळतात. म्हणजे एका जाळात दिवसभराची कामं. नानकटाईला ही उतरती, चारी बाजूंनी येणारी उष्णता फार मानवते. बाहेरून करपत नाही, आतून कच्ची राहत नाही, आणि तळाला जो बदामी रंग येतो तो माझ्या घरच्या ओव्हनमध्ये येत नाही.

घरी ओव्हन आहे माझ्याकडं. वर्षभर मी त्यात केक करते, कणकेची बिस्किटं करते, लेकीच्या वाढदिवसाला पिझ्झाही होतो. १६०-१७० अंशांवर नानकटाई चांगली होते, कुणी घरी करत असेल तर जरूर करावी. पण ओव्हनमध्ये एका वेळी बसतात बारा-पंधरा. दोन किलोची नानकटाई करायची तर एक माणूस अख्खी दुपार ओव्हनच्या दारात बसून राहणार. आणि ते माणूस कोण असणार हे आपल्याला माहीत आहे. भट्टीत तेच काम एका खेपेत होतं, आणि न्यायला-आणायला घरातलं कुणीही जाऊ शकतं. आमच्याकडं मुलं जातात. आपला पत्रा ओळखायला नानकटाईवर खूण करायची असते, कुणी काट्यानं फुली मारतं, कुणी चारोळी लावतं, कुणी मधोमध तासगावचा बेदाणा टोचतं. ही खूण काय करायची यावर आमच्याकडं दोन दिवस आधीपासून चर्चा चालते.

चाचांच्या घरचा शीरखुर्मा ईदला आमच्याकडं येतो आणि दिवाळीला आमचं ताट त्यांच्याकडं जातं. त्या ताटात नानकटाई ठेवत नाही, त्यांच्याच हातची त्यांना काय द्यायची. त्यांना अनारसे लागतात, आणि ते मागून घेतात.

तुपाबद्दल थोडं स्पष्ट बोलते. माझ्या लहानपणी नानकटाई वनस्पती तुपातली असायची, कारण साजूक तूप तेवढं परवडायचं नाही. त्यात कमीपणा काही नव्हता. पण आता ज्यांना परवडतं त्यांनी तरी साजूक तूपच घ्यावं. वनस्पती तूप तोंडातल्या उबेला पुरतं विरघळत नाही, ते टाळ्याला चिकटतं. आरोग्याचा भाग आणखी वेगळा. जानेवारी २०२२ पासून तेलातुपातल्या कृत्रिम ट्रान्स फॅटची, म्हणजे वनस्पती तुपात असणाऱ्या हृदयाला घातक चरबीची, मर्यादा देशात २ टक्क्यांवर आणली ती उगीच नाही. भट्टीत स्वतःचं सामान नेण्यात हा मोठा फायदा आहे की आत काय गेलंय ते आपल्याला माहीत असतं. दोन किलो जमत नसेल तर अर्धा किलो करा, पण चांगल्या तुपातली करा.

२०१९ च्या पुरात कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. गावभागात, म्हणजे जुन्या वस्तीत, घराघरांतलं धान्य, पिठं, डबे सगळं चिखलात गेलं. त्या दिवाळीला कुणाकडं परात होती तर कढई नव्हती, कुणाकडं गॅस होता तर ओटा नव्हता. आमच्या गल्लीनं एका घराच्या गच्चीवर एकत्र फराळ केला. मोजकाच, लाडू, शंकरपाळी आणि भडंग. पुरुष तळायला बसले, कारण बायका अजून घरं धूत होत्या. तेव्हा कुणालाही ते वावगं वाटलं नाही. मग पाणी ओसरल्यावर, घरं उभी राहिल्यावर, तेच पुरुष परत हॉलमध्ये का जाऊन बसले, हा प्रश्न मी तेव्हापासून घरात विचारतेय. आमच्या घरापुरता त्याला थोडा गुण आलाय. बेसन भाजणं आता नवऱ्याकडं आहे. मंद आचेवर पाऊण तास हात थांबवायचा नाही, त्याला ताकद लागते आणि ती त्यांच्याकडं आहे. तूप सुटून वास बदलला की गॅस कधी बंद करायचा हे त्यांना आता माझ्याहून चांगलं कळतं. मुलगा भडंग करतो. ज्या घरातल्या मुलानं आजवर कढई धरलेली नाही, त्यानं भडंगापासून सुरुवात करावी. तेलात शेंगदाणे तळायचे, ठेचलेला लसूण आणि कढीपत्ता कुरकुरीत करायचा, आच बंद करून मग हळद-तिखट टाकायचं, नाहीतर तिखट जळतं. वर चुरमुरे, मीठ, चिमूटभर पिठीसाखर. हळदीला तर आपल्याकडं तोटा नाही, २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालंय आणि ती आपल्याच डब्यात आहे.

विकतच्या फराळावर माझा राग नाही. आमच्या ओळखीतल्या कितीतरी बायकांची वर्षाची मोठी कमाई दिवाळीच्या ऑर्डरींवर असते. बचत गटातल्या बायका आठ-दहा जणी मिळून बसतात, कुणी लाटतं, कुणी भरतं, कुणी तळतं, म्हणजे जुन्या पद्धतीनंच करतात की. त्यांच्याकडून चकली, चिरोटे आणायला अजिबात लाजू नका आणि घासाघीस तर मुळीच करू नका. मी स्वतः चिरोटे त्यांच्याकडूनच घेते. माझा आग्रह एवढाच की एक पदार्थ घरात व्हावा, आणि त्याला घरातल्या प्रत्येकाचा हात लागावा. सात पदार्थ एकटीनं रडतरखडत करण्यापेक्षा एक सगळ्यांनी केलेला बरा. पहिल्या आंघोळीनंतर ताट समोर आलं की पोरं सगळ्यात आधी त्यांनी खूण केलेली नानकटाई शोधतात. विकतच्या डब्यात शोधायला काय असतं?

यंदा गल्लीतल्या आम्ही काही जणी वसुबारसेच्या आधीच्या रविवारी भट्टीचा नंबर धरणार आहोत. परात आणि जागा आमच्याकडं, दुपारी जेवणं उरकून यायचं. नवरे, दीर, पोरं, सगळ्यांना घेऊन या, तूप फेसायला हात लागतात आणि तासाभरात एकाचा हात भरून येतो. तूप आदल्या रात्रीच कढवून फ्रिजमध्ये थिजवा. पिठीसाखर चाळून आणा, गुठळ्या राहिल्या तर नानकटाईवर पिवळे डाग पडतात. स्टीलचा डबा पसरट आणा आणि तळाला कागद घाला. भट्टीतून आलेल्या नानकटाया पूर्ण गार होईपर्यंत झाकण लावायचं नाही, वाफ धरली की मऊ पडतात. आणि डब्यावर नाव नीट लिहा, गेल्या वेळी दोन घरांच्या फुल्या सारख्याच निघाल्या आणि कुणाचं काय ते शेवटपर्यंत कळलं नाही.