‘पाणी आलं की बघू’ म्हणणाऱ्यांना उत्तर

जगाला तापमानवाढ रोखता आली नाही, पूर येणारच, मग तयारीत पैसे घालू नका. पाणी आलं की बघू आणि भरपाई घेऊ, असा मजकूर निपाणी-चिक्कोडी भागात फिरतो आहे. त्यातला एकेक मुद्दा घेऊ.

‘रोखता आली नाही.’ अर्धं खरं. २०१५ च्या पॅरिस करारात १.५ अंशांचं लक्ष्य होतं. २०२४ हे वर्ष कारखानदारी वाढण्याआधीच्या काळापेक्षा सुमारे १.५५ अंशांनी जास्त तापलेलं गेलं. पण हवा एका अंशानं तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. म्हणून यापुढची वाढ जितकी कमी राहील तितका आपल्या माथ्यावरचा पाऊस आटोक्यात राहील.

‘२०१९ चा पूर शंभर वर्षांतला.’ २००५, २०१९, २०२१ ही वर्षं आठवा. शिवाय शंभर वर्षांतला पूर म्हणजे दरवर्षी १ टक्का शक्यता; एकदा येऊन गेला म्हणून ती संपत नाही.

‘पाणी अचानक येतं.’ हा समज सर्वांत घातक आहे. चिक्कोडीकडच्या कृष्णाकाठानं राजापूर बंधाऱ्याचा विसर्ग आणि दूधगंगेचं पाणी यांची बेरीज करावी. दूधगंगा कृष्णेला मिळते त्या कल्लोळला तेवढं पाणी येतं. पंचगंगा कोल्हापुरात ३९ फुटांवर इशारा पातळी आणि ४३ फुटांवर धोका पातळी गाठते, तेही रोज पाहावं. गोकाकचा हिशेब वेगळा. तिथं घटप्रभेवरच्या हिडकल धरणाचा नुसता विसर्ग फसवतो, कारण हिरण्यकेशी नदी धरणाच्या खाली घटप्रभेला मिळते आणि मार्कंडेय नदीची भर आणखी पुढे पडते.

आकडा कळल्यावर काय करायचं हे मे महिन्यातच ठरलेलं असावं. जत्राट-भिवशी, कारदगा-भोज यांसारखे वाहतुकीचे सखल बंधारे बुडायच्या आधी गरोदर बायका, आजारी माणसं आणि डायलिसिसचे रुग्ण पलीकडे हलवायचे. बंधारा बुडाल्यावर लांबचा वळसा पडतो. जनावरांना घटसर्पाची लस पावसाळ्याआधीच टोचून घ्यायची. गोठ्यात पाणी शिरण्याआधी दावी सोडायची. बांधलेली जनावरं जागीच बुडतात.

‘भरपाई घेऊ.’ भरपाईनं विहीर शुद्ध होत नाही. आधी गढूळ पाणी उपसा, कारण गाळ क्लोरीन खाऊन टाकतो. मग १००० लिटरला २.५ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर: ४ मीटर व्यासाच्या विहिरीत ३ मीटर पाणी असेल तर सुमारे ३७,७०० लिटर, म्हणजे ९५ ग्रॅम. पाणी गढूळच राहिलं तर जास्त लागते. पावडर बादलीत कालवून चुना तळाशी बसू द्या, वरचं पाणी तेवढं विहिरीत सोडा आणि निदान तासभर थांबा. रात्री टाकलेली उत्तम.

बुडालेली मोटर चालते का पाहायला बटण दाबू नका. आतली तारांची गुंडाळी (वाइंडिंग) ओली असते, जळते. खोलून वाळवा, मेगरवर, म्हणजे तारांचं इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरवर, किमान १ मेगाओम दाखवलं तरच जोडा. स्टार्टर पेटी मात्र पाणी चढण्याआधीच काढून घरी आणता येते, वीज बंद करून, चार बोल्ट सोडवून.