ऐन गेला तर कोसा जाईल, हे मी पुन्हा लिहीन

नमस्कार. गडचिरोली-भंडाऱ्याकडच्या टसर पतंगावरच्या, म्हणजे ज्याच्या कोषातून कोसा रेशीम निघतं त्या पतंगावरच्या माझ्या लेखाला तुमची हरकत अशी आहे: त्याची अळी ऐन (हे रानातलं झाड), अर्जुन, साल, बोर अशा बऱ्याच झाडांवर जगते, शिवाय अर्जुनाची लागवडही होते; तेव्हा ‘ऐन गेला तर कोसा जाईल’ हे भावनेच्या भरात लिहिलंय.

तुमची यादी बरोबर आहे. पण ती अख्ख्या जातीची यादी आहे, एका रानातल्या पतंगाची नाही. या पतंगाचे मुलखागणिक प्रकार आहेत. बस्तरचा ‘रैली’ मुख्यतः सालाच्या जंगलातला. त्याला तिथून हलवून पाळणं फार अवघड गेलंय. झारखंडचा ‘डाबा’ मात्र ऐन-अर्जुनावर माणसांच्या राखणीत वाढतो. जात एकच, पण ज्या त्या मुलखाचं झाड वेगळं. आपल्याकडे साल अगदी पूर्वेच्या टोकाला, तोही थोडा. बोरीवर अळी तगते, पण ऐनावरच्यासारखा भरीव कोष तिथे मिळत नाही.

आणि अळीला पाला कमी पडला तर पतंग होऊन कोषाबाहेर आल्यावर ती कसर भरून काढायची सोयच नाही. पतंगाला खाता येईल असं तोंडच नसतं. आठवडा-दहा दिवसांचं उडणं, मीलन, मादीची दीड-दोनशे अंडी, हे सगळं अळीने खाल्लेल्या पाल्यावर. कोशाचा धागाही त्यातलाच. टसरच्या अळ्या पाळणारी धिवर समाजाची मंडळी एका झाडाचा पाला संपला की अळ्यांसकट डहाळी कापून दुसऱ्या झाडावर नेतात, कावळे-मुंग्या हाकतात. रानातल्या अळीसाठी हे कोण करणार?

झाड फक्त खाण्यापुरतंही नाही. अळी आधी फांदीभोवती रेशमाचं कडं घालते, त्याला टणक देठ काढते आणि त्या देठाला कोष लटकतो. उन्हाळ्यात ऐनाची पानं झडतात, कोष तसाच राहतो. आत सुप्त जीव पावसाची वाट बघत असतो. त्या दिवसांत सरपणासाठी फांदी तोडली की पुढची पिढीही मोळीत जाते. तुमच्या प्रतिक्रियेत या महिन्यांचा विचारच नाही.

अर्जुनाच्या लागवडीला माझा विरोध नाही, पाळणाऱ्यांना ती हवीच आहे. पण ती पडीक जमिनीवर करावी. उभं ऐनाचं रान काढून तिथे अर्जुन लावला, तर रोपं पाल्यावर येईपर्यंतची वर्षं त्या रानातल्या पतंगाने अंडी घालायची कुठे, याचं उत्तर तुमच्या यादीत मिळत नाही.