घरघर पाहिजे

आयुष्याची तीस वर्षं मी घरघर घालवण्यात घालवली. बेळगावच्या खडेबाजारात कॅसेट भरून द्यायचं छोटं दुकान, आणि गणपती-लग्नसराईला स्पीकर लावायचा धंदा. आवाज चांगला लागला तर गिऱ्हाईक कधी काही बोलत नाही. घरघर आली की मात्र बोहल्यावरचा नवरदेवसुद्धा मुंडावळ्या बाजूला सारून स्पीकरवाल्याला शोधतो. त्यामुळं अर्थची, म्हणजे अर्थिंगची, तार तपासणं, वायरीची जाळी नीट डाक देऊन बसवणं, डेकच्या हेडवरनं स्पिरिटचा बोळा फिरवणं, ही माझी नित्यपूजा. पुढं दुकान बंद झालं, स्पीकर विकले, कान तेवढे राहिले. अजून रात्री फ्रिज चालू झाला की मी झोपेतनं उठून बसतो.

अशा माणसाच्या पुढ्यात गेल्या पावसाळ्यात पुतण्या येऊन बसला.

"काका, माळ्यावर तुमचा तो जुना डबल डेक हाय न्हवं?"

"हाय की. खरं अर्थ गेलाय त्याचा, घरघर करतोय. दोन दिवस दे, करून देतो."

"नको नको!" पोरगा घाबराच झाला. "काही करू नका. घरघर पाहिजे."

पुतण्याचा बँड आहे. ब्लॅक मेटल, म्हणजे रॉकमधलं एक कर्कश घराणं. गिटार आणि किंकाळ्या पुतण्याच्या, ड्रम खानापूरच्या एका पोराचे, आणि बेस वाजवणारा गोकाकचा, घरी कन्नड बोलणारा. पैसे लावणारी कंपनी नाही, मॅनेजर नाही, हॉल भाड्यानं घेऊन कार्यक्रम नाही. ह्याला अंडरग्राउंड म्हणतात. आमच्या वडगावात अंडरग्राउंड म्हटलं की लोकांना फक्त ड्रेनेज आठवतं, आणि खोलीतनं येणारा आवाज ऐकून पहिले काही दिवस गल्लीचा तोच समज होता.

बँडचं नाव मी इथं लिहिलं असतं, पण मला ते अजून वाचता आलेलं नाही. त्यांचा लोगो म्हणजे वाळलेलं बोरीचं काटेरी झुडूप, खाली मुळ्या, वर फांद्या, मध्ये कुठंतरी अक्षरं. ही म्हणे कला आहे. बेल्जियमचा क्रिस्तोफ श्पायडेल नावाचा एक गृहस्थ हेच काम करतो आणि जगभर त्याला लोगोंचा लॉर्ड म्हणतात. आमच्या पोरांनी स्वतःचं स्वतः काढलं. ते फ्लेक्सवर छापून घ्यायला गेलो तेव्हा मी छपाईवाल्याला आधीच सांगितलं, बाबा, पाटी नाही ही, उगाच लफडं नको. बेळगावात पाटी म्हणजे काय असते हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. साठ टक्के कन्नडचा कायदा आहे, आणि उरलेल्या चाळीस टक्क्यांत आमचा जीव आहे. दुकानात उभे असलेले दोघं जण त्या झुडपाकडं बराच वेळ बघत राहिले. एक जण मान हलवून म्हणाला, "मोडी हाय." दुसरा म्हणाला, "हळेगन्नड री, हळेगन्नड," म्हणजे जुनं कन्नड. दोघंही समाधानानं गेले. आमच्या शहरात असा फलक मी पहिल्यांदाच बघितला.

पहिला अल्बम लॉकडाऊनमध्ये निघाला होता. तेव्हा सगळ्यांना दुसऱ्या काळज्या असल्यामुळं तो आमच्या अंगावरनं गेला. दुसऱ्याच्या वेळी मात्र आम्ही घरात होतो.

"काका, दुसराच खरा असतो," पुतण्या म्हणाला, आणि व्याख्यान सुरू केलं. १९८२ साली इंग्लंडातल्या न्यूकॅसलच्या व्हेनमनं दुसरा अल्बम काढला, त्याचं नाव 'ब्लॅक मेटल', आणि त्यावरनं अख्ख्या घराण्याचं नाव पडलं. नॉर्वेचे डार्कथ्रोन पहिल्या अल्बमात डेथ मेटल वाजवायचे; १९९२ च्या दुसऱ्यात त्यांनी घराणं बदललं. दोन घराण्यांत फरक काय, मी विचारलं. डेथ मेटलवाला पोटातनं घोगरा आवाज काढतो, ब्लॅक मेटलवाला घशातनं किंचाळतो. शिवाय डेथ मेटलवाल्याचं रेकॉर्डिंग स्वच्छ असलं तरी चालतं. कुमार गंधर्व इथनं जवळ सुळेभावीत जन्मले, त्यांचंही एका घराण्यात भागलं नव्हतं, असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली.

"आणि प्रागचा कल्ट ऑफ फायर," पोरगा थांबेना. "२०१३ मध्ये त्यांनी दुसऱ्या अल्बमचं नाव ठेवलं, 'मृत्यु का तापसी अनुध्यान'. कव्हरवर देवनागरीत!"

कोपऱ्यात पेपर वाचत बसलेले तात्या, म्हणजे माझे वडील, ह्या ठिकाणी पहिल्यांदा जागे झाले. १९५६ पासून ते एकाच गोष्टीची वाट बघतायत.

"प्राग कुठं आलं?"

"चेक देशात, आजोबा."

"तिथं देवनागरी चालते?"

"चालते की."

तात्यांनी पेपरची घडी घातली. "महाराष्ट्रात घालत नसतील तर राहू दे. आम्हाला प्रागमध्ये घाला म्हणावं."

तात्यांचा तसाही पुतण्याला पाठिंबा आहे. बेळगावातली मराठी माणसं १ नोव्हेंबरला काळे कपडे घालून काळा दिन पाळतात. हा पोरगा ३६५ दिवस काळ्या शर्टात असतो. "ह्याच्याएवढा निष्ठावान घरात कोण नाही," असं ते पाहुण्यांना सांगतात, आणि आम्ही कुणी खुलासा करत नाही.

तालमी सुरू झाल्या. भिंतींना वाकळा टांगल्या, खिडकीला घोंगडं लावलं. उपयोग शून्य. ब्लॅक मेटलच्या ड्रमला ब्लास्ट बीट म्हणतात, म्हणजे मिनिटाला दोनशे मात्रांच्या आसपासची लय आणि एकेका मात्रेत दोन हात आणि पाय मिळून कितीतरी ठोके, तेही श्वास न घेता. सम नाही, काल नाही, आपलं चाललेलं. आणि आमची नि शेजारच्या अण्णांची भिंत एकच. अण्णा विणकर. वडगाव म्हणजे मागांचं गाव, त्यांच्या घरात यंत्रमाग बापाच्या वेळेपासूनचे. तिसऱ्या दिवशी अण्णा दारात.

"होसा मग्ग तगोंडीरेन्री?"

नवा माग घेतला काय, असं विचारत होते. खरं काय ते सांगण्यापेक्षा हो म्हणणं सोपं होतं. मी हो म्हटलं. अण्णा आत आले, चप्पल काढली, भिंतीला कान लावला आणि डोळे मिटले. मिनिटभर ऐकून म्हणाले, "धोटा डावीकडनं लेट येतोय री. पट्टा सैल झालाय. आवळून घ्या."

मी गंमत म्हणून हे ड्रमवाल्याला सांगितलं. त्याचं तोंडच उतरलं. डाव्या हाताचा ठोका मागं पडतोय हे त्याला दोन आठवडे कॉम्प्युटर सांगत होता, आणि तो कॉम्प्युटरला खोटं पाडत होता. दुसऱ्या दिवसापासून अण्णा रोज सहाला चहाचा कप घेऊन खोलीत स्टुलावर बसायला लागले. माग नव्हताच, हे त्यांनी फार मनावर घेतलं नाही. गाणं संपलं की ड्रमवाला विचारायचा, "अण्णा, आता?" अण्णा एक तर मान हलवायचे, नाही तर म्हणायचे, "मध्ये एकदा धागा तुटला."

मग फोटो. नॉर्वेवाले बर्फात काढतात. आमच्याकडं बर्फ गोळ्यावाल्याकडं, म्हणून पोरं भर पावसात जांबोटीच्या जंगलात गेली. तोंडाला नाटकवाल्यांकडचा सफेदा, डोळ्याभोवती काजळाचे खड्डे. ह्याला कॉर्प्स पेंट म्हणतात, मढ्याचा रंग. निघताना आमच्या बायकोनं बघितलं आणि म्हणाली, "दृष्ट लागू नये म्हणून गालाला तीट लावतात. ह्यानं सगळं तोंडच तीट केलंय, आता ह्याला कोण बघतंय!" जंगलात गुरं राखणाऱ्या एका म्हातारीनं बघितलं. घाबरली बिबरली काही नाही, विचारलं, "सोंग कुठल्या गावात हाय रे आज?" फोटोत तिघांचेही डोळे रागानं पेटलेले दिसतात. काजळ डोळ्यात गेलं होतं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी माझी खरी परीक्षा. पोरांनी चांगला माईक बाजूला ठेवला आणि ऑनलाइन शाळेच्या वेळचा कान तुटलेला हेडफोन घेतला, त्याच्या काडीवरच्या माईकमध्ये किंचाळायला. नॉर्वेच्या एकानं १९९३ साली असंच केलं होतं, स्टुडिओत सगळ्यात वाईट माईक मागून घेतला. मी स्पीकरवाला असतानाही लोक माझ्याकडं सगळ्यात वाईट माईक मागायचे, पण पैसे कमी पडायचे म्हणून. अ‍ॅम्प्लिफायर लावला आणि ती आली. घरघर. माझा हात आपोआप पक्कडीकडं गेला.

"काका, हात लावू नका! ती जी मध्ये हाय. गाणं पण जी मध्ये हाय."

मी म्हटलं, काहीही सांगू नकोस. जी म्हणजे आमची पांढरी पाच. पेटी काढली, भाता मारला, पांढरी पाच दाबली. लागली की हो! किंचित चढी, पण लागली. आपली लाईट ५० हर्ट्झची, आणि खालची पांढरी पाच ४९ च्या घरात. तीस वर्षं मी जिच्याशी भांडलो ती बाई सुरात होती. मी पक्कड खाली ठेवली आणि चहाला गेलो.

अल्बमात सात गाणी. चार मराठीत, तीन कन्नडमध्ये, असा पोरांचा आपसातला करार. तयार झाल्यावर सगळ्यांना बसवून ऐकवलं. पाचव्या गाण्याला तात्या म्हणाले, "हे आपलं. मराठी." अण्णा म्हणाले, "इल्ल री, शुद्ध कन्नड." दोघंही हट्टाला पेटले, तात्यांनी तर एक ओळ म्हणूनही दाखवली. शेवटी पुतण्यानं शब्दांचा कागद आणला. त्या गाण्याला शब्दच नव्हते.

आता कॅसेटी. ह्या लोकांत अल्बम कॅसेटवर काढण्याचा मान आहे, आणि प्रती मोजक्याच. ६६६, म्हणजे सैतानाचा आकडा, परवडत नाहीत म्हणून ६६ काढायच्या ठरल्या. माळ्यावर माझ्या सी-साठच्या, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटींच्या, दोन पेट्या पडून होत्या, कोऱ्या. अल्बम ३८ मिनिटांचा, १९ एका बाजूला, १९ दुसऱ्या. माझ्या डेकवर दुप्पट वेगानं भरायची सोय आहे. पुतण्या म्हणाला, त्यानं आत्मा जातो. म्हणजे ६६ गुणिले ३८, २५०८ मिनिटं, जवळजवळ ४२ तास. रोज आठ कॅसेटी धरल्या तरी नवव्या दिवशी दोन उरतात.

आवाज बंद ठेवून भरता आल्या असत्या, असं तुम्ही म्हणाल. खरं ज्यानं एकदा डेकला टेप खाताना बघितलंय तो कान देऊनच बसतो. पहिल्या दिवशी डोकं दुखलं. दुसऱ्या दिवशी दात. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "मी माहेराला जातो. कॅसेटी संपल्या की फोन करा," आणि कुंद्याचा डबा घेऊन गेली सुद्धा. पाचव्या दिवशी कोथिंबीर चिरताना माझ्या लक्षात आलं की सुरी मिनिटाला दोनशेनं चाललीय आणि कोथिंबिरीची चटणी झालीय. सातव्या दिवशी तिसऱ्या गाण्याच्या शेवटाला गिटार जिथं एकटी पडते तिथं मी कपडे वाळत घालायचा थांबलो आणि उभा राहिलो. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

विक्री बँडकॅम्पवर, म्हणजे गाणी विकायच्या वेबसाइटवर. तिथं कॅसेटीवर दहा टक्के त्यांचे, नुसती गाणी घेतली तर पंधरा. पोस्टात परदेशी जाणाऱ्या प्रत्येक पुडक्याला सीएन-२२ चा, म्हणजे कस्टमचा, फॉर्म चिकटवायचा, आत काय आहे ते लिहून. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "भजनं काय?" मी होय म्हटलं. सवयच लागली होती.

महिन्याभरानं पोलंडच्या एका गिऱ्हाईकाचं पत्र आलं. अल्बम उत्तम, आवाज योग्य तितका घाणेरडा, मात्र बी बाजूच्या शेवटी जे लपवलेलं गाणं आहे त्यानं झोप उडवली. आम्ही काही लपवलं नव्हतं. सी-साठची बाजू ३० मिनिटांची. १९ मिनिटं आमची, उरली ११. माझ्या कोऱ्या पेट्यांतली निदान ही एक तरी कोरी नव्हती. त्यानं तुकडा परत पाठवला. आम्ही ऐकला. आधी घरघर, पांढरी पाच, किंचित चढी. मग एक माणूस जिवाच्या आकांतानं ओरडतोय:

"हॅलो! हॅलो! घरघर येतीय! अरे घालव ती! अर्थ कुठाय? अर्थ कुठाय तुझा? कशालाच अर्थ नाही इथं!"

१९९३ चा गणपतीचा मंडप. मी, आणि वायर ओढणारं पोरगं. दोन दिवस झोप नव्हती.

पोलंडवाल्याला शब्दांचा अर्थ हवा होता. पुतण्यानं इमानदारीनं भाषांतर करून पाठवलं, आणि 'अर्थ' ह्या शब्दाचं मीनिंग असं केलं. चूक त्याची नाही, त्याच्या पिढीनं अर्थची तार बघितलेली नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: ब्लॅक मेटलमध्ये इतक्या थोड्या शब्दांत इतकं खोल कुणी गेलेलं नाही, आणि हा गायक कोण?

पुतण्या परवा परत पुढ्यात येऊन बसला. "काका, तिसऱ्यात तुम्ही पाहिजे. खरं तसंच, चिडून."

"येतो की," मी म्हटलं. "माईक मात्र चांगला देणार असशील तर."

"चांगला मिळायचा नाही," तो म्हणाला.