रवांडाने माफ केलं, मग मुंबई का नाही?

एप्रिल आला की मुंबईतल्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो. रवांडात शेजाऱ्यांनीच शेजाऱ्यांना मारलं, मारेकऱ्यांना पश्चात्ताप झाला, पीडितांनी शिक्षेचा हट्ट सोडून माफ केलं, सगळे झालंगेलं विसरले. मुंबईनेही ब्याण्णव-त्र्याण्णव विसरावं, असा त्याचा आशय. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असेल. पण मजकूर चुकीचा आहे आणि ज्यांची माणसं गेली त्यांच्यावर अन्याय करणारा आहे.

शिक्षेचा हट्ट सोडला, हे धडधडीत खोटं. 1994 मध्ये सुमारे 100 दिवसांत 8 लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, बहुतेक तुत्सी या अल्पसंख्य समाजातली. त्यानंतर रवांडाच्या तुरुंगांत लाखाहून जास्त संशयित होते. 1998 मध्ये दोषी ठरलेल्या 22 जणांना जाहीरपणे गोळ्या घातल्या. त्याच वर्षी टांझानियातल्या अरुशा शहरातल्या, रवांडासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने वंशसंहाराच्या काळातले पंतप्रधान कंबांडा यांना जन्मठेप सुनावली. गावकऱ्यांनीच चालवलेल्या, 'गचाचा' नावाच्या गावोगावच्या लोकन्यायालयांत 2012 पर्यंत 19 लाखांच्या घरात प्रकरणं चालली.

पश्चात्तापाचं प्रकरण गुंतागुंतीचं आहे. गचाचात कबुली दिली, माफी मागितली की शिक्षा कमी व्हायची. मग कुठली माफी मनापासूनची आणि कुठली तुरुंगातून लवकर सुटण्यासाठीची, हे समोर बसलेल्या विधवेने कसं ओळखायचं? खुद्द कंबांडांनी गुन्हा कबूल केला आणि जन्मठेप झाल्यावर कबुली मागे घ्यायचा प्रयत्न केला. कंबोडियातही तसंच: ख्मेर रूज राजवटीच्या तुओल स्लेंग या छळतुरुंगाचा प्रमुख डुच याने 2009 मध्ये न्यायालयात क्षमा मागितली आणि खटल्याच्या अखेरीस सुटकेची मागणी केली. सगळेच खोटे होते असं मी म्हणत नाही. काहीजण खरोखर आतून मोडले असतील. पण गचाचातल्या कबुलीत आणखी एक अट होती: कुणाला मारलं, सोबत कोण होतं, प्रेत कुठे टाकलं, हे सांगायचं. आपला भाऊ कुठल्या खड्ड्यात आहे हे कळलं, त्याला बाहेर काढून रीतीने पुरता आलं, ही गोष्ट मला कुठल्याही माफीनाम्यापेक्षा मोठी वाटते. तीही सगळ्यांना मिळाली नाही. 2018 मध्ये राजधानी किगालीजवळ नव्या सामूहिक कबरी सापडल्या. इतकी वर्षं कुणी तोंड उघडलं नव्हतं.

विसरले म्हणाल, तर दरवर्षी 7 एप्रिलपासून तिथे देशभर शोक पाळतात.

आणि माफी? काहींनी दिली, ती त्यांची. कित्येकजण मारेकऱ्याच्या शेजारी राहतात, कारण जायला दुसरी जमीन नाही. साक्ष दिली म्हणून काहींना धमक्या आल्या, काहींचा जीवही गेला. त्या सगळ्यांना 'क्षमाशील' ठरवून आपण परस्पर त्यांच्या वतीने हिशेब मिटवून टाकतो.

मुंबईत झाल्या त्या दंगली, वंशसंहार नव्हता. तुलना त्या मजकुरानेच केली आहे, म्हणून बोलावं लागतं. नोंद 900 मृतांची आणि 168 बेपत्तांची आहे. दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल 1998 मध्येच आला, तरी बेपत्तांच्या वारसांना शोधून भरपाई द्या, असं सर्वोच्च न्यायालयाला 2022 मध्ये सांगावं लागलं. अशा घरातल्या बाईला 'विसरा' म्हणण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? मजकूर पुढे पाठवायचाच असेल, तर निदान त्यातलं मुंबईचं वाक्य काढून टाका.