व्हॅटिकनचा दाखला काढताय?

पोर्तुगीज पासपोर्टसाठी आजोबांचा जन्मदाखला हुडकत गोव्यातल्या कचेऱ्यांना खेटे घालून चपला झिजल्या असतील, तर जरा दम खा. व्हॅटिकनचं नागरिकत्व घ्या. तिथे आजोबा विचारतच नाहीत. जन्म कुठे झाला याचंही कुणाला सोयरसुतक नाही, कारण जन्माने तिथलं नागरिकत्व मिळतच नाही आणि अख्ख्या देशात एक प्रसूतिगृह नाही.

44 हेक्टर, म्हणजे साधारण चार शिवाजी पार्क, एवढ्या या देशात भूमिपुत्र शोधून सापडायचा नाही. परप्रांतीयांना हाकलायचं ठरवलं तर सगळा देशच रिकामा होईल. खुद्द राजा, म्हणजे पोप, बाहेरचा: आधी पोलंडचा, मग जर्मनीचा, मग अर्जेंटिनाचा आणि 2025 पासून शिकागोचा. भिंतीला लागून रोम आहे, पण ऑक्टोबर 1978 पासून एकाही इटालियनाचा नंबर लागलेला नाही. बिचारे मोर्चाही काढत नाहीत.

आता मार्ग. सगळ्यात सोपा म्हणजे कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचे धर्मगुरू, व्हा. पण लाल टोपी मिळाली म्हणून लगेच पेढे वाटू नका. टोपी घालून रोममध्ये किंवा व्हॅटिकनमध्येच राहावं लागतं. गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्रांव 2022 मध्ये कार्डिनल झाले, पण मुक्काम गोव्यातच. ते या नियमात बसत नाहीत. वांद्र्यात जन्मलेले आयव्हन डायस 2006 मध्ये मुंबई सोडून रोमला कामावर रुजू झाले, ते बसले. थोडक्यात, बढतीसोबत बदलीही घ्यायची.

कार्डिनल जमत नसेल तर स्विस गार्डची, म्हणजे पोपच्या रक्षकदलाची, भरती बघा. वय 19 ते 30, उंची किमान 174 सेंटीमीटर, कॅथलिक, अविवाहित, पुरुष. सगळं जुळलं? मग एकच किरकोळ अट उरते, आधी स्वित्झर्लंडचं नागरिक असायला हवं. ज्याच्या खिशात स्विस पासपोर्ट आहे, त्यालाच हा दुसरा!

नागरिकाशी लग्न करूनही परवानगी मिळू शकते. मात्र स्थळं बघायला लागलात की कळेल, बहुतेक वरांनी ब्रह्मचर्याची शपथ घेतलेली आहे.

आणि हे सगळं जमलंच, तरी भिंतीला खिळे ठोकायची घाई नको. हे नागरिकत्व म्हणजे निव्वळ सरकारी क्वार्टर. खुर्ची आहे तोवर देश तुमचा, खुर्ची गेली की किल्ल्या परत! भाड्याचं घर नि खाली कर, इतकं सरळ. बरं, माणूस रस्त्यावर पडू नये याचीही तजवीज इटली आणि पोप यांच्यातल्या 1929 च्या लॅटरन करारात करून ठेवली आहे: दुसरं कुठलंच नागरिकत्व नसेल तर इटली तुम्हाला आपलं म्हणते. मुसोलिनीच्या सहीने झालेली ही एवढी एकच माया असावी.

मतदानाची मात्र चिंता नको. राजा निवडायचा हक्क ऐंशीच्या आतल्या कार्डिनलांना. बाकीच्यांच्या बोटाला शाई लागत नाही. शिवाय प्राप्तिकर नाही आणि एटीएम लॅटिनमध्येही बोलतं. दहावीला संस्कृत घेऊन मार्क पाडले असतील, तर तोच उत्साह इथे कामी येईल.

गाडी मिळाली तर नंबरप्लेटवर एस, सी, व्ही ही अक्षरं येतील. व्हॅटिकन नगरराज्याची ती खूण. रोमकर मात्र ती ‘से क्रिस्तो वेदेस्से’ अशी वाचतात, म्हणजे ‘ख्रिस्ताने हे पाहिलं तर!’ सिग्नलला उभे असाल तेव्हा काच वर घेतलेली बरी.