किन्सीचे अश्रू कुठे गेले?

आज दुपारी ग्रुपवर एका मैत्रिणीने लिहिलं, "लॉक अँड की बघतेय, मस्त आहे. बरं झालं, फार रडारड नाही." तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. अगं, मुळात ती गोष्टच रडण्याची आहे!

नेटफ्लिक्सवर ७ फेब्रुवारी २०२० ला या मालिकेच्या पहिल्या सीझनचे सगळे १० भाग आले. माझे निम्मेच बघून झालेत, पुढचं कुणी सांगू नका. पण जेवढं बघितलं त्यावर आजच लिहिणार.

बापाचा खून होतो आणि आई, नीना, तिन्ही मुलांना घेऊन नवऱ्याच्या वडिलोपार्जित घरी राहायला येते. घराचं नाव कीहाउस. तिथे जादूच्या किल्ल्या सापडत जातात. मालिका ज्यावर बेतलीय ते, जो हिलने लिहिलेलं, गॅब्रिएल रॉड्रिगेझने काढलेलं कॉमिक २००८ ते २०१३ चाललं. रॉड्रिगेझ शिक्षणाने आर्किटेक्ट, त्यामुळे त्या घराचा जिना न् जिना खरा वाटतो.

माझे बाबा गेले तेव्हा मी रडले नाही. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, किती खंबीर आहे पोरगी. मला ते आवडायचंसुद्धा. मग एका रात्री दादाने या कॉमिकचा दुसरा खंड माझ्यासमोर ठेवला, काही न बोलता. त्यात डोक्याची किल्ली आहे. मानेत घालून फिरवली की कवटीचा वरचा भाग झाकणासारखा निघतो आणि आत माणसाच्या आठवणी, भीती, माणसं चिमुकल्या आकारात हलताना दिसतात. किन्सी, मधली मुलगी, आपल्या डोक्यातून भीती बाहेर काढते. आणि रडूही. दोघांना बाटलीत कोंडून ठेवते. मग ती मस्त वागते, धीट होते, आणि पानागणिक तिची जास्तच काळजी वाटायला लागते. त्या बाटलीवर मी अडकले. पुढचं पान उलटायला मला किती वेळ लागला ते दादालाच माहीत.

मालिकेतली किन्सी फक्त भीती काढते. रडू काढतच नाही! एवढा मोठा धागा उडवला, आणि का, तर प्रेक्षकाला जड नको. तिच्या डोक्यात शिरलं की झगझगीत मॉल दिसतो. कवटी उघडणं पडद्यावर किळसवाणं दिसलं असतं, हे मान्य. त्याऐवजी एका दारातून डोक्यात शिरायची मालिकेतली युक्तीही हुशारीची आहे, तेही मान्य. पण मॉल? बापाचा खून झालेल्या मुलीच्या डोक्यात?

बापाचा खून होतो तो कॉमिकमधला हल्लाही बघवत नाही इतका क्रूर आहे. इथे तो बराच सौम्य केलाय. सगळं रक्त दाखवा असं मी म्हणत नाही. पण ज्या घरावर असा घाला पडलाय ते घर चार दिवसांत किल्ल्यांचे खेळ खेळायला लागलं, तर मला त्यांचं दुःख पटायचं कसं? आमच्या घरात तर बाबांची चप्पल दारातून हलवायलाही कुणी तयार नव्हतं. दादा रोज तिच्याशेजारी स्वतःची काढून ठेवायचा.

बरं, सगळंच वाईट नाहीये. लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. धाकटा मुलगा बोड झालेला जॅक्सन रॉबर्ट स्कॉट इतका गोड आहे की तो पडद्यावर आला की मी सगळं माफ करते. किल्ली कुजबुजते तेव्हा त्याचे कान टवकारतात ते बघा. थोरल्या टायलरच्या मनातली टोचणीही पडद्यावर छान उतरलीय. बापाबद्दल रागाच्या भरात बोलून गेलेलं एक वाक्य, आणि ते परत घेता येत नाही. टायलर झालेला कॉनर जेसप त्या प्रसंगांत फारसं बोलतही नाही, तरी पोटात कालवतं. शिवाय फॉक्स वाहिनीचा २०११ चा पायलट, म्हणजे चाचणीचा पहिला भाग, मालिकेपर्यंत पोचला नाही, नंतर हुलू या स्ट्रीमिंग कंपनीनेही पायलट करून नकार दिला. इतक्या वर्षांनी हे कुणीतरी पूर्ण केलं, त्याचं श्रेय द्यायला हवं. दिलं.

तरीही "रडारड नाही" हे कौतुक म्हणून कुणी म्हणू नका, निदान माझ्यासमोर तरी. बाबांनंतर मी जी रडले ती त्या बाटलीमुळे, आणि दादा तेव्हा शेजारी बसून होता. खंबीर म्हणणाऱ्यांपैकी कुणीच नव्हतं.

आता सगळी आशा नीनावर आहे. कॉमिकमधली नीना पिते, कोसळते, मुलांवर ओरडते, आणि तरी आई राहते. मालिकेत नीना झालेल्या डार्बी स्टँचफिल्डच्या डोळ्यांत ते सगळं आहे, तिला करू दिलं पाहिजे. उरलेले भाग या शनिवार-रविवारी बघते. तिलाही गुळगुळीत केलं असेल तर सोमवारी परत लिहीन, आणि तेव्हा बोडसुद्धा मला थांबवू शकणार नाही.